दोष क्रमांक बेचाळीस

हणमंत जगदाळे यांना गिटार वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जयपुरात जुनी, मोडकी इलेक्ट्रिक गिटार घेऊन कुणी हिंडू लागला की लोक त्याला हणमंतरावांच्याच आदर्श नगरातल्या घराचा पत्ता देतात, आणि तो माणूस दारातून आत आल्या आल्या म्हणतो, काहीतरी वाजवून दाखवा. मग हणमंतराव सहाही तारा वरून खाली एकेक छेडतात, प्रत्येक तारेनंतर "ओके" म्हणतात आणि गिटार खाली ठेवतात. रायफल तपासावी तशी. कार्यक्रम संपला.

माणूस कोरेगाव तालुक्यातला. फौजेच्या वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं वायरलेस सेट आणि मोटारी दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झाला. शेवटची बदली जयपूरची. इंदुबाईंच्या गुडघ्यांना इथली कोरडी हवा मानवली, आणि त्या घरात गुडघ्यांचा निर्णय अंतिम असतो, म्हणून कुटुंब इथेच राहिलं. गिटारीशी त्यांची गाठ पडली ती भंगारात. कुठल्याशा मेसमधली एक इलेक्ट्रिक गिटार मोडीत निघाली होती. बाकी लोकांना तिच्यात संगीत दिसलं असेल. हणमंतरावांना तारांच्या खालच्या डबीत केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं दिसलं आणि ओळख पटली. जळलेल्या मोटारीचं वेटोळं त्यांनी हजार वेळा पुन्हा गुंडाळलं होतं. हे तर तिचंच धाकटं भावंड.

तेव्हापासून बारा वर्षं हाच उद्योग. मान तुटलेल्या, खुंट्या गंजलेल्या, माळ्यावर पावसाचं पाणी प्यालेल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गिटारी त्यांच्याकडे येतात. काही बदलून हव्या असतात. उजव्या हाताची डाव्या हातासाठी करून द्या, किंवा आजोबा मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे ती नातवाला उभी धरता येईल अशी करा. वेटोळी गुंडाळायला इंदुबाईंच्या शिलाई मशीनची मोटर आहे, तिच्याबद्दल नवरा-बायकोत बारा वर्षं तह चालू आहे. मानेवरचे शिंपल्याचे ठिपके जुन्या शहराच्या चारदीवारीतला एक पाचू कापणारा कारागीर कापून देतो, आणि दर वेळी विचारतो की हे घालणार कोण. हणमंतराव सांगतात, गिटार घालणार. तो मान डोलावतो. त्याच्या मते ही फौजी भाषा असावी.

माझी आणि त्यांची भेट महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात झाली. मी अडतीस वर्षं रंगभूमीवर होतो. त्यातली तीस तरी "साहेब, बाहेर कुणीतरी आलंय" एवढं सांगण्यात गेली, पण मुलीकडे, जयपुरातल्या बनी पार्कात, राहायला आल्यावर मंडळाने मला ज्येष्ठ रंगकर्मी केलं आणि स्वगत म्हणायला उभं केलं. दुसऱ्याच वाक्याला माइक बंद पडला. एक धिप्पाड माणूस पहिल्या रांगेतून उठला, अॅम्प्लिफायर उघडून बसला, आणि माझं स्वगत संपून मी वाकून नमस्कार करत असताना आवाज सुरू झाला. त्यामुळे सभागृहाला माझ्या गुडघ्यांचा कटकट आवाज मात्र स्पष्ट ऐकू गेला. मी त्यांना चहाला बोलावलं. आयुष्यात इतकी चोख वेळ साधणारा माणूस मला दुसरा भेटला नव्हता.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी ई-रिक्षाने त्यांच्याकडे जातो. पुढच्या खोलीत बसतो, इंदुबाईंचा चहा पितो आणि जुन्या दौऱ्यांच्या गोष्टी सांगतो. हणमंतराव ऐकतात की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. इंदुबाई ऐकतात, कारण मागच्या वेळी त्याच गोष्टीत सांगलीच्या जागी मी मिरज म्हणालो होतो हे त्या दाखवून देतात.

त्यांच्या कामाच्या दोन पद्धती आधी सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे रजिस्टर. गिटार आली की स्क्रू काढण्याआधी तिची पूर्ण पाहणी. प्रत्येक खोक, डाग, ओरखडा क्रमांकाने लिहायचा, जागा, लांबी, खोली, सगळं. शेजारच्या रकान्यात काम झाल्यावर शेरा: "निकाली". दुसरी पद्धत अशी, की इथून बाहेर पडणारी गिटार चकाकली पाहिजे. फौजेत साहेब तपासणीला आले की बूट, बक्कल, खाट, बादली, जे काही असेल ते आरशासारखं लागतं. आतली मोटर चालते का, हे नंतर.

एकदा शुभंकर नावाचा आयटीतला एक पुण्याचा मुलगा कोरी करकरीत गिटार घेऊन आला आणि म्हणाला, काका, ही जुनी दिसेल अशी करून द्या, रंग उडवा, चार ओरखडे पाडा, हल्ली अशी फॅशन आहे. हणमंतरावांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "रंगनाथराव, नव्याला जुनं म्हणून खपवायचं, ही फसवणूक झाली का नाही?" मी म्हणालो, आमच्या धंद्यात त्याला रंगभूषा म्हणतात. पंचविसाव्या वर्षी मी स्वतःच्या तोंडावर सुरकुत्या काढून नायिकेचा बाप झालो होतो. साठाव्या वर्षी त्याच डबीतल्या रंगाने सुरकुत्या बुजवून काका झालो. त्यांनी यावर थोडा विचार केला आणि म्हणाले, म्हणूनच तुमचा धंदा बसला.

जानेवारीत कस्तुरी आली. बत्तीस-तेहतीस वर्षांची, एका विमा कचेरीत नोकरी करणारी. जन्म, शाळा सगळं जयपुरातलं, मराठी अडखळत बोलायची, हिंदीची ठिगळं लावून. वडील विजय, नागपूरकडचे, तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. मग इथल्या एका हॉटेलात संध्याकाळी वाजवू लागले आणि इथलेच झाले. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची गिटार कपाटात होती, वरची टाकी गळून कपाटात पाणी शिरलं, मान तुटली, आतलं सगळं सडलं. साठ वर्षांपूर्वीची जपानी बनावटीची, कडेला तपकिरी आणि मधोमध मधाच्या रंगाची. कस्तुरी म्हणाली, "अंकल, मला वाजवता येत नाही. मतलब, बाकी काही नको. बस, आवाज निघाला पाहिजे."

आवाज निघाला पाहिजे. हणमंतरावांनी ते हुकूम म्हणून घेतलं.

साडेतीन महिने काम चाललं. मान चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा उकलून चिकटवली. दोन्ही वेटोळी नव्याने गुंडाळली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पितळी तुकडा ठठेऱ्यांच्या, म्हणजे तांबटांच्या, गल्लीतून तीनदा करून आणला. एप्रिलच्या शेवटी तारा चढवल्या आणि सहा वेळा "ओके" झालं. खरोखर सुरेल आवाज होता. मी डोळे मिटले. मग उघडले, आणि गिटार बघितली. सात हात पॉलिश मारलेली, अशी झळाळत होती की तिच्यात मला माझं टक्कल दिसलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, कस्तुरीचा फोन आला. मी तिथेच होतो. रविवारी अकरा वाजता न्यायला येते म्हणाली. मग काहीतरी आणखी बोलत राहिली आणि हणमंतराव नुसतं हं, हं करत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मी चहाचा कप खाली ठेवला.

ती म्हणाली होती, मागच्या बाजूला माझं नाव आहे. चौथीत असताना मी कर्कटकाने कोरलं होतं. एवढी महाग गिटार, पण बाबा एका शब्दाने रागावले नाहीत. त्यांचं दुसरं काही माझ्याकडे नाही, अंकल, तेवढं नाव सांभाळा.

हणमंतरावांनी रजिस्टर काढलं. मला वाचून दाखवलं नाही, माझ्यासमोर ठेवलं. एकेचाळीस दोष. सातवा, वरच्या कडेला सिगारेटचा चटका, पाव इंच. बारावा, कोपराखाली रंग झिजलेला, विड्याच्या पानाएवढा. सतरावा: "मागील बाजूस टोकदार वस्तूने खरडलेली अक्षरे, कस्तुरी. लांबी अडीच इंच. अक्षरे वाकडी. शेवटचे अक्षर जास्त खोल, हात वेगळा, सराईत." शेजारी, लाल शाईने: निकाली.

"पुट्टी भरली," ते म्हणाले. "बेष्ट बसली व्हती."

आता या ठिकाणी शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. पण अडतीस वर्षं मोक्याच्या क्षणी मला आत पाठवून नायक रंगमंचावर उभा राहायचा. यावेळी रंगमंच रिकामा होता. मी म्हणालो, हणमंतराव, घाबरू नका, वय चढवणं हे माझं काम आहे. अर्धी कारकीर्द मी रंगपटात काढली आहे, रंगभूषाकार पळून गेला की डबी माझ्याच हातात यायची. तुमच्याकडे एकेक खुणेचं माप आहे. उद्या अकरापर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस खुणा जागच्या जागी उभ्या करतो.

हणमंतराव नाही म्हणाले. मग कोण तोंड दाखवणार तिला, असं मी विचारलं. ज्याला कुणी फौजेत चोवीस वर्षांत मान खाली घालताना बघितलं नसेल, तो माणूस खिडकीतून बाहेरच्या कूलरकडे बघत बसला, आणि शेवटी म्हणाला, कशानं करणार?

मी बक्कल मागितलं. पट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे गिटारीच्या पाठीवर असतातच, सुरुवात सोपी. त्यांनी स्वतःचा फौजी पट्टा आणून दिला. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी त्याचं पितळ दर रविवारी घासलं जातं. मी उभा राहिलो, बाही सरसावली, श्वास घेतला आणि पाठीच्या खालच्या अंगाला एक ओरखडा ओढला. दोन इंच, किंचित वाकडा, शेवटी विरत गेलेला. खरं सांगतो, उत्तम उतरला. हणमंतरावांनी मात्र डोळे मिटून घेतले होते.

आता नाव. आधी कागदावर सराव करायचं ठरलं. हणमंतरावांनी लिहिलेलं "कस्तुरी" दारूगोळ्याच्या पेटीवर छापल्यासारखं आलं. मी लिहिलेलं माझ्या स्वाक्षरीसारखं, शेवटी झोकदार शेपूट. मग आम्ही दोघांनी डाव्या हातांनी प्रयत्न केला. छप्पन्न आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची दोन माणसं जेवणाच्या टेबलावर जीभ बाहेर काढून तीन अक्षरं गिरवत बसली होती. इंदुबाई भाजी निवडायची परात घेऊन आल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या, आणि काय चाललंय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी परात खाली ठेवली, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि लिहिलं.

हुबेहूब चौथीतल्या मुलीचं. तिरकं, दाबून काढलेलं, स्तु वर चढलेला, री खाली उतरलेली. इंदुबाईंची शाळा चौथीत सुटली होती आणि अक्षर तिथेच थांबलं होतं.

मी म्हणालो, झालं काम. हणमंतराव कागद उचलून खिडकीशी घेऊन गेले. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, री चुकली. मूळची री खोल व्हती, दुसऱ्या हाताची. मी म्हणालो, अहो, हे कोण बघणार आहे?

इंदुबाईंनी पुन्हा परात मांडीवर घेतली होती. देठ मोडता मोडता त्या म्हणाल्या, "बघंल न्हाई तर न्हाई. पर भाऊजी, उद्या ती पोरगी त्याच्यावर हात फिरवून विचारील, हे मी लिवल्यालं का. तवा हो म्हणायला तुमी येणार का ह्यांनी म्हणायचं?"

मी अख्खी हयात खोटं बोललो, पण ते तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे. त्यांना ठाऊक असायचं. हणमंतरावांनी कागदाची घडी घालून रजिस्टरमध्ये ठेवली आणि पट्टा खुंटीला लावला. एकेचाळीसपैकी चाळीस खुणा करायच्या राहिल्या होत्या, त्या राहिल्याच.

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना कस्तुरी आली. मी यायला नको होतं, पण प्रयोग आहे आणि नट घरी आहे असं कधी झालेलं नाही. हणमंतराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. त्यांनी तिला बसूही दिलं नाही, पाणीही विचारलं नाही. गिटार उलटी करून तिच्यासमोर धरली आणि सांगितलं, तुमचं नाव मी बुजवलं. दोष समजून. चूक माझी.

तिने गिटार हातात घेतली नाही. त्या आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "अंकल, एकदा विचारायचं तरी."

"व्हय," हणमंतराव म्हणाले. सावधान उभे होते. "इचाराय पायजे हुतं."

ती एवढंच बोलली असती आणि गिटार घेऊन गेली असती तर मला वाटतं तो माणूस पुन्हा शिकंज्याला हात लावता ना. पण फौजी माणूस कबुली देतो ती पूर्ण देतो. त्यांनी रजिस्टर उघडून तिच्यापुढे केलं, म्हणजे आपण काय काय नष्ट केलं त्याची यादी गुन्हेगारानेच फिर्यादीच्या हाती दिली. तिने घेतलं, बहुधा भिडेखातर. हिंदी शाळेत शिकलेली असल्यामुळे मराठी अक्षर लावून लावून, बोट फिरवत वाचू लागली. चौथ्या की पाचव्या दोषापर्यंत चेहरा तसाच होता. सातव्यावर थांबली. सिगारेटचा चटका. म्हणाली, हा बाबांचा नाही, त्यांच्या ड्रमरचा आहे, त्यावरून दोघं वर्षभर बोलत नव्हते. बाराव्यावर स्वतःचा कोपर टेबलावर टेकवून बघितला. एकविसाव्यावर हसली आणि ओठ चावला. तो काय होता तिने सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. घरातल्या माणसांनी त्या गिटारीकडे इतकं बारकाईने कधी बघितलंच नव्हतं, असं म्हणाली. मग माझ्या लक्षात आलं, सतरावा तिने वगळला होता. पान मागे उलटून ती तिथे आली.

वाचलं. पुन्हा वाचलं.

"हात वेगळा, मतलब?"

हणमंतरावांनी सांगितलं ते एखाद्या तज्ज्ञ साक्षीदारासारखं. पहिली दोन अक्षरं हलक्या हाताची, टोक तीन ठिकाणी घसरलेलं. री एका दमात काढलेली, दुप्पट खोल, कुठेही घसरलेली नाही. लाकडात कोरायची सवय असलेला किंवा बोटांत जोर असलेला मोठा माणूस. त्यांनी भिंग लावून बघितलं होतं. याच्यापलीकडे आपल्याला माहीत नाही.

कस्तुरी खुर्चीवर बसली. इंदुबाईंनी पाणी आणून ठेवलं. ते तसंच राहिलं. नंतर ती जे बोलली ते हिंदीत बोलली, थांबत थांबत. नाव कोरताना आईची चाहूल लागली होती, ती अर्ध्यावर कर्कटक टाकून पळाली होती. पुढे केव्हातरी बघितलं तर नाव पूर्ण होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपणच पूर्ण केलं असेल, लहान होतो, आठवत नसेल.

पॉलिशच्या एकेका हातागणिक मी हणमंतरावांना मनात शिव्या दिल्या होत्या. त्या सगळ्या परत घेतल्या. बापाने ज्या लाकडावर ती री काढून जणू सही केली होती ते लाकूड या माणसाने घासून काढलं, आणि घासण्याआधी बापाची सही ओळखणाराही हाच निघाला. आमच्या नाटककारांना असलं काही सुचलं असतं तर दिग्दर्शकाने कापलं असतं, फार जुळवून आणलंय म्हणून.

तिला ते पान हवं होतं. हणमंतराव म्हणाले, रजिस्टरचं पान फाडता येत नाही. इतक्या सगळ्यानंतर हे. इंदुबाईंनी कपाळाला हात लावला. पण ते टेबलाशी बसले आणि एकेचाळीसही दोष आपल्या त्या छापील अक्षरात नक्कल करून दिले, खाली सही, तारीख, हुद्दा. पाऊण तास लागला. कस्तुरी थांबली. तेवढ्या वेळात मी तिला मिरजेचा किस्सा सांगितला, आणि इंदुबाईंनी सांगली म्हणून दुरुस्त केला.

निघताना तिने गिटार पहिल्यांदा हातात घेतली. पाठीवरून हात फिरवला, आणि बोट खालच्या अंगाला अडलं. दोन इंच, किंचित वाकडा, शेवटी विरत गेलेला.

"अंकल, हा राहिला." ती इतक्या हळू म्हणाली की जणू तो ओरखडा उडून जाईल. "हा बाबांच्या बेल्टचाच आहे ना?"

अडतीस वर्षांत माझ्या एकाही कामावर प्रेक्षकाने असा विश्वास ठेवला नव्हता. मी हणमंतरावांकडे बघितलं. फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं काम तर मीही अनेकदा चोख केलेलं आहे.

"न्हाई," हणमंतराव म्हणाले. "ह्यांचा हाय." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मग मला सगळं सांगावं लागलं, बक्कल, डावे हात, टेबल, पेन्सिल. घडी घातलेला तो कागदही निघाला. तिने इंदुबाईंचं अक्षर बघितलं, आमचं बघितलं, आणि हसायला लागली. पहिल्यांदा बेतानं, मग डोळे पुसत. हणमंतराव म्हणाले, दहा मिनिटं द्या, आत्ता काढून टाकतो. तिने गिटार छातीशी धरली आणि मान हलवली. म्हणाली, घरात एक तरी ओरखडा असलेली गिटार पाहिजे.

तेव्हा हणमंतरावांनी रजिस्टर पुन्हा उघडलं, कारण गिटार दोषासकट बाहेर जायची तर नोंद लागते. मी खांद्यावरून वाचलं. "४२. मागील बाजूस बक्कलाचा ओरखडा, दोन इंच. करणारा: रंगनाथराव, नट." शेजारच्या रकान्यात लाल पेन थोडा वेळ अधांतरी राहिलं. बारा वर्षांत त्या रकान्यात दुसरा शब्द पडला नव्हता. मग त्यांनी सावकाश, पेटीवर छापावं तसं लिहिलं: मालकाच्या सांगण्यावरून दुरुस्त करू नये.